टर्बो गाडी ई-८५ वर आणताना: माझा अनुभव

इलिनॉयमध्ये मक्याचं इथेनॉल मुबलक, त्यामुळे ई-८५ चा (बहुतांश इथेनॉल, बाकी पेट्रोल असं इंधन) पंप शोधत फिरावं लागत नाही. म्हणून २०१७ च्या सुबारू एसटीआयवर (२.५ लिटर टर्बो, पोर्ट इंजेक्शन, मूळ ३०५ एचपी) फ्लेक्स-फ्युएलचं काम केलं. टाकीत ९३ ऑक्टेन (अमेरिकी पंपावरचं माप) पेट्रोल आणि ई-८५ कुठल्याही प्रमाणात असलं तरी ईसीयूने (इंजिनाच्या संगणकाने) स्वतःच जुळवून घ्यावं, एवढा उद्देश. टर्बो इंजिनाला इथेनॉलकडून सगळ्यात मोठी गोष्ट मिळते ती नॉकपासूनची (सिलिंडरमधलं मिश्रण आपोआप, अवेळी पेटण्यापासूनची) सवड. तिच्यातली किती वापरायची आणि किती शिल्लक ठेवायची, इथे खरी परीक्षा आहे.

ही सवड येते कुठून? एक तर इथेनॉलचा रिसर्च ऑक्टेन १०८ च्या आसपास. दुसरं, त्याची वाफ होताना ते पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता शोषतं, आणि एका फेऱ्यात जातंही जास्त. सिलिंडरमधली हवा थंड राहते, नॉक मागे हटतो, टायमिंग (ठिणगीची वेळ) पुढे नेता येतं. या इंजिनाचे कास्ट पिस्टन नॉकने रिंगलँडपाशी (रिंगांमधल्या पट्टीपाशी) तुटतात हे सुबारूवाल्यांना सांगायला नको, म्हणून ही गोष्ट इथे सोन्यासारखी.

किंमत मोजायची ती लिटरमध्ये. पेट्रोलला हवा-इंधन प्रमाण १४.७, ई-८५ ला साधारण ९.८. घनतेतला फरक धरला तरी तेवढ्याच हवेला सुमारे ४० टक्के जास्त आकारमानाचं इंधन लागतं. मूळ इंजेक्टर मिनिटाला ५६५ सीसीच्या आसपासचे आणि पेट्रोलवरच पूर्ण रेसला भरपूर उघडे राहणारे. त्यांच्याकडून हे होणं शक्य नाही. हिशेब असा केला: क्रँकवर ४०० एचपी धरली, ई-८५ वर प्रति एचपी तासाला ०.८५ पाउंड इंधन, म्हणजे एकूण ३४० आणि चार इंजेक्टरांत प्रत्येकी ८५ पाउंड. ते होतं मिनिटाला साधारण ८२५ सीसी. इंजेक्टर ८० टक्के वेळेहून जास्त उघडा ठेवायचा नाही, म्हणून १,०५० सीसीचे घेतले. टाकीतला पंप तासाला ३४० लिटरचा.

पंप बदलून काम संपत नाही. नवा पंप जास्त करंट ओढतो आणि मूळ वायर बारीक असते. बॅटरीवर १३.८ व्होल्ट असताना पंपाच्या टोकाशी १२.२ च भरले. दीड व्होल्टहून जास्त वायरमध्येच जात होता आणि इंधनाचा प्रवाह त्याच हिशेबाने कमी. रिले टाकून बॅटरीपासून १२ गेजची वायर वेगळी ओढली, १३.५ मिळाले. पूर्ण रेसला वरच्या आरपीएमवर इंधनाचा दाब पडत असेल, तर इंजेक्टरवर संशय घेण्याआधी मल्टिमीटर लावा.

इथेनॉल सेन्सर रिटर्न लाइनमध्ये बसवला. त्याचं बोलणं सोपं असतं: ५० हर्ट्झ म्हणजे शून्य टक्के, १५० हर्ट्झ म्हणजे शंभर. सेन्सरसोबत आलेली रबरी नळी वापरू नका. माझ्या किटमधली तीन आठवड्यांत फुगून मऊ पडली, क्लॅम्पच्या कडेला बोट लावलं तर ओलं लागायचं, आणि ती जागा टर्बोच्या वरच्या अंगाला. आतून पीटीएफई (टेफ्लॉन) असलेली नळी आणि व्हायटॉनच्या (इंधनात टिकणाऱ्या रबराच्या) ओ-रिंगा टाकल्या. पितळी आणि जस्ताचा मुलामा असलेली फिटिंग्जही या लाइनमध्ये नकोत.

प्लग एक पायरी थंड (उष्णता लवकर बाहेर टाकणारे) घेतले, गॅप ०.७ मिमी.

ट्यूनच्या (ईसीयूतले आकडे बसवण्याच्या) वेळी लॅम्डाच्या भाषेतच बोलायचं. लॅम्डा म्हणजे खरं हवा-इंधन प्रमाण भागिले त्या इंधनाचं आदर्श प्रमाण. वाइडबँडचा (एक्झॉस्टमधून मिश्रण मोजणाऱ्या सेन्सरचा) काटा पेट्रोलच्या मापात दाखवतो. पूर्ण रेसला लॅम्डा ०.८० म्हणजे काटा ११.८ दाखवेल, पण ई-८५ चं खरं प्रमाण तेव्हा ७.८ असतं. ट्यूनर एका भाषेत आणि आपण दुसऱ्या भाषेत बोललो की इथेच घोळ होतो.

त्याच डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर), त्याच दिवशी, चाकांवर ९३ ऑक्टेनला २७० एचपी आली आणि ई-८५ ला ३१५. टॉर्क लवकर येतो, तिसऱ्या गिअरला गाडी उचलते ते जाणवतं. आणखी टायमिंग देता आलं असतं, नॉक सेन्सर गप्पच होता. पण धोका इथेच आहे. पेट्रोलवर नॉक आपल्याला थांबवतो. इथेनॉलवर सिलिंडरमधला दाब वाढत जातो, सेन्सर काहीच सांगत नाही, आणि शेवटी पिस्टन किंवा कनेक्टिंग रॉड थेट मोडतो. म्हणून टॉर्क वाढायचा थांबला त्याच्या दोन अंश अलीकडेच टायमिंग ठेवलं, आणि ३,००० आरपीएमच्या आसपासचा बूस्टही (टर्बोचा हवेचा दाब) कमी केला. स्टॉक इंजिनावर ही सवड विम्यासारखी राखून ठेवावी असं माझं ठाम मत आहे.

सेन्सर बंद पडला तर काय, हे ट्यून करतानाच ठरवून घ्या. माझ्या ट्यूनमध्ये सिग्नल गेला की टायमिंग आणि बूस्ट दोन्ही पेट्रोलच्या खालच्या पातळीला येतात. काही ट्यून शेवटचा आकडा धरून ठेवतात. त्यात टाकीत नुसतं पेट्रोल आलं तर इंजिनाला ई-८५ चं टायमिंग मिळतं. ते करू नका.

पंपावर ८५ लिहिलंय म्हणून ८५ असतंच असं नाही. अमेरिकेच्या मानकात ते ५१ ते ८३ टक्क्यांच्या मध्ये कुठेही चालतं आणि थंडीत मुद्दाम कमी करतात. तपासायला १०० मिलीची मापनळी घ्यायची, ५० मिली पाणी, ५० मिली इंधन, बूच लावून हलवायचं, दहा मिनिटं ठेवायचं. इथेनॉल पाण्यात उतरतं. खालचा थर ८८ ला आला, तर ३८ दुणे ७६ टक्के. आकडा थोडा कमी येतो, कारण दोघं मिसळल्यावर आकारमान थोडं आकसतं. जानेवारीत मला ६६ मिळाले. फ्लेक्सऐवजी कायम ई-८५ चा ट्यून असता, तर याच टाकीत नॉकची भीती वाढली असती.

थंडीचा त्रास खरा आहे. इथेनॉलची वाफ थंडीत नीट होत नाही, त्यामुळे १० अंशांच्या खाली सेल जास्त वेळ मारावा लागतो. क्रँकिंगचं इंधन ट्यूनमध्ये तापमानानुसार वाढवून घेतलं, तरी उणे १० ला दोन-तीनदा सेल मारावाच लागतो, आणि पहिलं मिनिट गाडी थोडी मिसिंग करते. न जळलेलं इंधन आणि पाणी ऑइलमध्ये उतरतं. ऑइलच्या झाकणाखाली पिवळसर लोण्यासारखा थर दिसला, तर गाडी नुसती दुकानापर्यंत जाऊन येते आहे असं समजा. अर्धा तास नीट तापू द्या. ऑइल मी ५,००० किमीला बदलतो.

पहिल्या दोन टाक्या काळजीच्या. इथेनॉल टाकीतली जुनी घाण सोडवतं, ती पंपाच्या जाळीत अडकते. दुसऱ्या टाकीनंतर जाळी काढली, तर तपकिरी गाळ धरला होता. तेव्हा बदलली नसती, तर पूर्ण रेसला मिश्रण लीन (हवेच्या मानाने इंधन कमी) झालं असतं.

ॲव्हरेज २७ टक्क्यांनी पडलं. ई-८५ स्वस्त असलं तरी एवढा फरक क्वचितच भरून निघतो, त्यामुळे पैसे वाचतील म्हणून हे करू नये. वॉरंटी आणि उत्सर्जनाचे नियमही आधी पाहा. कॅलिफोर्नियात अशा किटला ईओ (राज्याच्या हवा मंडळाच्या मंजुरीचा) क्रमांक लागतो.

डायरेक्ट इंजेक्शनच्या (इंधन थेट सिलिंडरमध्ये सोडणाऱ्या) गाडीत अडचण वेगळी: हाय-प्रेशर पंप सहसा पूर्ण ई-८५ ला पुरत नाही. तिथे लोक ई-३० बनवतात. ५० लिटरच्या टाकीत ८० टक्क्यांचं ई-८५ सुमारे १४ लिटर आणि बाकीचं नेहमीचं ई-१० पेट्रोल, बरोबर ३० च्या जवळ येतं. मात्र त्यासाठीचा ट्यून हवा. पुण्याचे मित्र विचारतात की ई-२० भरून असा फायदा मिळेल का. टायमिंग न बदलता नाही मिळत. ॲव्हरेज मात्र शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत सहा-सात टक्के कमी होणारच, कारण लिटरमागे इथेनॉलमध्ये एक तृतीयांश ऊर्जा कमी.

एखाद्या हिवाळ्यात गाडी उभी ठेवायची असेल, तर त्याआधी टाकी जवळजवळ रिकामी करून इथेनॉल नसलेलं पेट्रोल गळ्यापर्यंत भरतो आणि सेन्सर १० च्या खाली येईपर्यंत, साधारण वीस मिनिटं, चालवतो. ई-८५ तसंच महिनोन्महिने राहिलं, की इंजेक्टरच्या तोंडाशी काळा चिकट थर धरतो, आणि वसंतात पहिल्याच दिवशी आयडलला गाडी हलायला लागते.