राजासाठी की राजावर?

जेरुसलेमला गाईडचं काम करतो, रोज तेच सांगायचं असतं, पण मागच्या हिवाळ्यातला एक ग्रूप अजून डोक्यातून जात नाही. अशदोदहून आलेली आपली बेने इस्राएल मंडळी, म्हणजे कोकणातून इस्राएलला गेलेले मराठी यहुदी, बहुतेक सत्तरीच्या पुढची, त्यामुळे सगळी टूर मराठीतच. श्राइन ऑफ द बुक, म्हणजे मृत समुद्राकाठी सापडलेल्या जुन्या हिब्रू गुंडाळ्यांचं संग्रहालय, बघून बाहेर बाकांवर बसलो आणि मी टॅबवर माझा आवडता तुकडा उघडला. त्या गुंडाळ्या जिथे सापडल्या त्या कुमरानच्या ४ नंबरच्या गुहेतला, चामड्याचा, जेमतेम वीतभर, १९९२ ला वाचून छापला गेला. त्यात प्रार्थनेत चक्क योनातान राजाचं नाव आहे. बहुतेक अभ्यासकांच्या मते हा यहुद्यांचा राजा अलेक्झांडर यान्नाय, राज्यकाळ इसवी सनापूर्वी १०३ ते ७६, त्याच्या नाण्यांवरही योनातान हेच नाव.

मी 'अल योनातान हामेलेख' वाचलं आणि अर्थ सांगितला, देवा, योनातान राजावर जागा राहा, म्हणजे राखण कर. पण काहीजण म्हणतात की 'अल', म्हणजे 'वर', याचा अर्थ इथे विरुद्ध, राजावर ऊठ!

मूळच्या रेवदंड्याच्या एक आजी लगेच म्हणाल्या, "अरे बाळा, आपल्याकडे पण तसंच. नातवावर माया करतो नि कोणाच्या जिवावर उठतो, दोन्हीकडे वरच ना?"

मी गप्पच झालो. इतकी वर्षं हा शब्द समजावतोय, पण इतकं स्वच्छ कोणी सांगितलं नव्हतं.

मग एका काकांनी विचारलं, हा राजा होता कसा? खरं ते सांगितलं. सुक्कोथच्या सणाला वेदीपाशी उभा असताना लोकांनी त्याला एत्रोग, म्हणजे सणातली लिंबासारखी फळं, फेकून मारली, पुढे त्याने ८०० विरोधकांना क्रुसावर चढवलं आणि त्यांच्या डोळ्यांदेखत बायकापोरं कापली, असं पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार योसेफस लिहितो. कुमरानलाच सापडलेल्या, नहूम संदेष्ट्याच्या पुस्तकावरच्या टीकेत जिवंत माणसं टांगणारा 'क्रोधी सिंह' आहे, तो हाच असं मानतात. काका तडकले, "अशासाठी कोण प्रार्थना करेल?"

मला स्वतःला ती राजाच्या बाजूचीच वाटते, कारण त्याच दमात 'आणि तुझी सगळी प्रजा इस्राएल' येतं, विरुद्ध म्हणायचं तर प्रजेच्याही विरुद्ध होईल. कुमरानवाले त्याच्या विरोधातले मानतात, म्हणून बहुधा ती दुसरीकडे लिहून गुहेत आणलेली असावी. काकांना काही ते पटलं नाही.

आजींचं लक्ष मात्र पुढच्या ओळीवर होतं, आकाशाच्या चार वाऱ्यांत, म्हणजे चार दिशांत, असलेली तुझी प्रजा, त्या सगळ्यांना शांती लाभो. बस हॉर्न देत होती तरी त्यांनी ती ओळ बोट ठेवून दोनदा वाचली, मग हळूच विचारलं, "रेवदंडा कोणत्या वाऱ्यात येतो रे?"

मी पूर्वेकडे हात केला.