केळीचा घड अन् गायगर काउंटर

मागच्या महिन्यात रावेरला गेलो तेव्हा बॅगेत ऑनलाइन मागवलेला छोटा गायगर काउंटर, म्हणजे रेडिएशन मोजायचं मशीन, होता, आणि आबांना कोणीतरी मोबाईलवर दाखवलेलं की केळीत रेडिएशन असतं, मग काय, "लाव बरं ते तुझं मशीन घडाला!" लावलं. टिक... टिक... नुसत्या ओट्यावर वाजत होतं तेवढंच. आबा खूश, म्हणे सगळ्या अफवा.

अफवा नाही ना पण! केळीत पोटॅशियम असतं, आणि त्यात 0.0117 टक्के पोटॅशियम-40, म्हणजे किरणोत्सर्गी पोटॅशियम, असतंच, एका केळ्यात साधारण 15 बेकरेल, म्हणजे सेकंदाला 15 अणू फुटतात. पण त्यातून निघणारे बरेचसे बीटा कण (वेगवान इलेक्ट्रॉन) गरातच अडकतात, आणि जमीन, भिंती, आकाशातून येणारे किरण यांच्या गोंगाटात उरलेलं ऐकूच येत नाही. लॅबमध्ये म्हणून आधी शिशाच्या जाड पेटीत डिटेक्टर ठेवतात, रिकाम्या पेटीचं मोजमाप घेतात, मग नमुना ठेवून कितीतरी तास मोजतात, नि रिकाम्याचा आकडा वजा करतात. शिवाय गॅमा किरणांची ऊर्जा बघतात, आलेखात 1460 केईव्हीला (केईव्ही म्हणजे ऊर्जेचं एकक) टोक आलं तर पोटॅशियम, 662 ला आलं तर सीझियम-137, जे चेर्नोबिलच्या अणुभट्टीच्या अपघातानंतर युरोपात दूध-मशरूममध्ये शोधत होते. आपला काउंटर नुसता टिकटिक करतो, कोण आलं ते सांगत नाही.

आबांना म्हटलं, तुमच्या अंगातच चारेक हजार बेकरेल पोटॅशियम आहे. तर म्हणे, मग मलाच लाव मशीन.