मेलेलं कुत्रं पलंगाशी येतं तेव्हा

काल रात्री 'द लॅझरस इफेक्ट' दुसऱ्यांदा बघितला. २०१५ चा पिक्चर आहे, जेमतेम ८३ मिनिटांचा, आणि पहिल्या वेळी वाटलं होतं तेच परत वाटलं, की यातली खरी भीती त्या कुत्र्यात आहे. पुढे स्पॉयलर आहेत, बघायचा असेल तर आधी बघून या.

फ्रँक आणि झोई, दोघं संशोधक, लग्न ठरलेलं. कोमातल्या पेशंटवर उपचार करायला डॉक्टरांना जास्त वेळ मिळावा म्हणून ते एक सीरम बनवतात आणि त्याने मेलेलं कुत्रं उठतं. रॉकी नाव त्याचं. रात्री झोई गाढ झोपलेली असते आणि हे पलंगावर चढून तिच्याजवळ नुसतं उभं, एकटक बघत. भुंकणं नाही, चावणं नाही. मला तिथे अक्षरशः पाय जवळ ओढून घ्यावेसे वाटले, कारण समोर कुत्रं आहे हे दिसतंय पण आत कोण आलंय ते कळत नाही. दिग्दर्शक डेव्हिड गेल्बने याआधी २०११ मध्ये जपानच्या एका सुशी शेफवर डॉक्युमेंटरी केली होती, म्हणूनच असेल कदाचित, शांतपणे बघत राहणं त्याला जमतं.

मग झोई प्रयोगात शॉक लागून मरते. बोटातली अंगठी काढायची राहिलेली असते, एवढंच. फ्रँक तिला जाऊ देत नाही, टेबलावर घेतो आणि परत आणतो. ऑलिव्हिया वाइल्ड इथे फार छान आहे, शुद्धीवर आल्यावरची तिची ती गोंधळलेली नजर! ती सांगते की मेल्यावर ती लहानपणीच्या एका आगीत अडकली होती, तोच प्रसंग पुन्हा पुन्हा. हे किती भयानक आहे, यावर अख्खा पिक्चर उभा राहिला असता, पण नाही, तिचे डोळे काळे होतात, मनाच्या ताकदीने ती माणूस लॉकरमध्ये कोंबून चिरडते आणि मग एकेकाचा नंबर लागत जातो. मला वाईट वाटलं खरंच.

आणि हा विषय आता नुसता कल्पनेतला राहिलेला नाही. २०१९ मध्ये येल विद्यापीठातल्या टीमने कत्तलखान्यातून आणलेल्या ३२ डुकरांच्या मेंदूंवर काम केलं, मरून चार तास झाल्यावर त्यातून खास द्रव फिरवला आणि काही पेशींचं काम परत सुरू झालं. जाणीव असल्याची कुठलीच खूण दिसली नाही. पण ती दिसलीच तर ताबडतोब थांबवता यावं म्हणून त्यांनी भुलीची औषधं हाताशी ठेवली होती. हे वाचल्यापासून फ्रँकचा तो सीन मला वेगळाच दिसतो. झोई टेबलावर आहे, तो तिला परत आणायला धडपडतोय, आणि ती उठली तर पुढे काय, याची त्या खोलीत कोणाचीच तयारी नाही. रॉकी रात्री पलंगावर येऊन उभा राहिला होता, तरीही.