पाटीत अंडी 19 आणि खुडूक एकटी

मी उमेद या राज्य सरकारच्या ग्रामीण अभियानाची पशुसखी, पाटण तालुक्यातल्या डोंगरातल्या वाड्या माझ्याकडे आहेत. शेळ्यांना जंताचं औषध, कोंबड्यांना लस हे रोजचंच काम, पण यंदा उन्हाळ्यात एका आजींकडे जे झालं ते नीट लिहावंसं वाटलं, कारण हे घरोघरी होतं आणि दोष मात्र कोंबडीला लागतो.

आजींचा निरोप होता, "बाजारादिवशी तांबडी इकणार हाय, त्याआधी बगून जा." तांबडी म्हणजे त्यांची गावरान कोंबडी, लागोपाठ दोनदा खुडूक, म्हणजे अंडी उबवायला, बसली आणि दोन्ही वेळेला पिल्लू एकसुद्धा नाही. "हिला बसायची अक्कलच न्हाई बघ पोरी." मी खुराड्यात वाकून बघितलं तर आत एकच पाटी, त्यात तांबडी पिसं फुलवून बसलेली आणि दुसरी एक कोंबडी तिच्या पाठीवर चढून, पायानं तिला ढकलत अंडं घालायला जागा करतेय. तांबडी गुरगुरत होती पण उठत नव्हती, बिचारी कडेला सरकत होती आणि तिच्या पोटाखालची दोन अंडी उघडी पडलेली दिसत होती. तळाशी फुटलेल्या अंड्याचा बलक वाळून पेंढा सगळा चिकटलेला.

कोंबडीला आधीच अंडी असलेली आणि अंधारी जागा दिसली की ती तिथंच घालायला जाते, त्यामुळे घरातल्या अंडी घालणाऱ्या चारही कोंबड्या याच पाटीत येत होत्या, रोज नवीन अंडं आत पडत होतं. गावरान कोंबडीच्या पोटाखाली 10-12 अंडी बसतात, त्यापुढची काठावर राहतात, आणि कोंबडी अंडी फिरवत असते त्यामुळे आज काठावर असलेलं उद्या मध्ये येतं, मधलं काठावर जातं, म्हणजे गारठा सगळ्यांनाच लागतो. त्यातूनही 21 दिवस भरून पहिली पिल्लं निघाली तर दोनेक दिवसांत ती त्यांना घेऊन उठणार, मग मागून पडलेली अंडी अर्धवट भरलेलीच थंड. यात तांबडीचा काय दोष? मी आजींना म्हटलं, "विकायचं राहू दे आजी, रात्री येते, अंडी बघूया."

अंधार पडल्यावर गेले. पुठ्ठ्याला रुपयाएवढं भोक पाडून खाली मोबाईलची बॅटरी धरली आणि एकेक अंडं त्यावर ठेवलं. 19 धड अंडी होती. 6 अंडी जवळजवळ पूर्ण काळी, फक्त वरच्या टोकाला हवेची जागा उजळ, आणि त्या काळ्याच्या कडेला मध्येच काहीतरी फडफडायचं. दोन आठवड्यांच्या पुढं गेलेली होती ती. 5 अंड्यांत लाल शिरांचं जाळं आणि मध्ये हलणारा ठिपका, साधारण आठवड्याची. 4 एकदम स्वच्छ पिवळी, आत काहीच दिसत नव्हतं. उरलेली 4 मेलेली, कुणात रक्ताचं कडं, एकाला तर वास सुटलेला. आजी डोळे बारीक करून बघत होत्या, शिरांचं जाळं दिसलं तेव्हा त्यांनी माझा हातच धरला, "आगं जित्तं हाय की!" काळ्या अंड्यांना कोमट पाण्यात सोडून हलतंय का बघूया म्हणाल्या, जुनी पद्धत आहे ती, पण कवच कुठं तडकलेलं असेल तर पाणी आत जाऊन पिल्लू मरतं म्हणून मी नको म्हटलं.

6 तांबडीखाली, हे ठरलं. प्रश्न त्या 5 अंड्यांचा होता. ती तिच्याखाली ठेवली तर वाया जाणार हे नक्की, आणि फेकायची कशी, हातात गरम लागत होती. तेव्हा आजींची सून म्हणाली शेजारच्यांची काळी कोंबडी पण खुडूक आहे, पण त्यांनी कालच तिच्या नाकात पीस घातलंय. खुडूक मोडायला असं करतात आमच्याकडे, पाण्यात पण बुचकळतात. मला ते कधीच बघवत नाही. जाऊन बघितलं तर नाकपुडीत आडवं पीस घेऊन काळी रिकाम्या पाटीत तशीच बसलेली, मातीला ऊब देत. पीस काढलं, नाक पुसलं, आणि 5 अंडी तिच्या पोटाखाली सरकवली, तिनं चोचीनं ती एकेक करून आत ओढून घेतली. सौदा जागेवरच ठरला, पिल्लं अर्धलीनं, म्हणजे निम्मी त्यांची, निम्मी आजींची.

तांबडीला रात्रीच हलवलं, दिवसा हलवली तर ती जुन्या जागेकडंच पळते. नवीन पाटीत खाली माती, वर कोरडा पेंढा, उवांसाठी थोडी राख, पाटी माजघराच्या कोपऱ्यात आणि वरून डालगं. सकाळी खायला सोडली तर दाणे टिपून, ढीगभर घाण वास मारणारी विष्ठा टाकून (खुडूक अशीच टाकते, घाबरायचं नाही) थेट खुराड्यात जाऊन जुन्या पाटीत बसली! आजींनी उचलून आणली. दुसऱ्या दिवसापासून ती बाहेर असेपर्यंत खुराड्याचं दार बंद, जेमतेम 15-20 मिनिटं, मग ती आपोआप माजघरात यायला लागली. बाकीच्यांसाठी खुराड्यात दोन पाट्या ठेवल्या, प्रत्येकीत अंडं वाटावं असा एक पांढरा गोटा, आणि रोजची अंडी संध्याकाळी उचलायची.

तांबडीखालच्या 6 मधली 5 निघाली, काळीची नंतर 4. आता आजी खुडूक बसवताना प्रत्येक अंड्यावर कोळशानं फुली मारतात, बिनफुलीचं दिसलं की त्याच दिवशी बाहेर. लासोटाची, म्हणजे मानमोडीच्या (राणीखेत) लसीची, कुपी 100 डोसची येते आणि एकदा कालवली की तासा-दोन तासांत संपवावी लागते, म्हणून तांबडीची पिल्लं 7 दिवसांची झाली तसा मी आख्ख्या वाडीला निरोप दिला, ज्याच्याकडं लहान पिल्लं असतील त्यांनी आजींच्या अंगणात आणा. तिथंच ओळीनं सगळ्यांच्या डोळ्यात थेंब टाकले. काळीची तेव्हा अजून अंड्यातच होती, त्यांच्यासाठी परत फेरी मारली.