पोर्ट चालू, नेट बंद

दोन कंपन्यांच्या दोन लाइन घेतल्या की नेट बंद पडायचं नाही, असं चाकणच्या पट्ट्यातले बरेच कारखानदार धरून चालतात. मी ज्या कारखान्याबद्दल लिहितेय तिथंही तसंच होतं. मुख्य लीज लाइन (फक्त त्या कारखान्यासाठी भाड्याने घेतलेली लाइन) एकाची, बॅकअपला ब्रॉडबँड दुसऱ्याचं, दोन्ही एकाच राउटरवर, आणि दोन्हींची बिलं दर महिन्याला वेळेवर. त्यांच्या नेटवर्कच्या देखभालीचं वार्षिक कंत्राट, म्हणजे एएमसी, आमच्याकडे नुकतंच आलं होतं. आधीच्या व्हेंडरकडून आलेल्या फायलीत एक हँडओव्हर शीट होती. ‘फेलओव्हर टेस्टेड, ओके’, म्हणजे मुख्य लाइन गेली की राउटर बॅकअपवर वळतो हे तपासलंय; खाली दोन्ही बाजूंच्या सह्या आणि शिक्का. ती शीट अजून माझ्या डोक्यातून जात नाही, कारण तिच्यातला एकही शब्द खोटा नव्हता.

फोन आला तो नेमका संध्याकाळी, डिस्पॅचच्या घाईच्या वेळी. बाहेर रस्त्यावर गटाराचं काम चाललं होतं आणि जेसीबीने लीज लाइनची फायबर उचकटली होती. हे मला नंतर कळलं. फोनवर एवढंच, “मॅडम, नेट नाही आणि गाड्या गेटवर उभ्या आहेत.” माल गुजरातमधल्या साणंदला जायचा होता, वाहन उद्योगाचे सुटे भाग. राज्याबाहेर ५० हजारांवरचा माल ई-वे बिलाशिवाय, म्हणजे मालवाहतुकीच्या ऑनलाइन काढलेल्या कागदाशिवाय, हलवता येत नाही. शिवाय ५ कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इनव्हॉइस काढून आधी आयआरएन, म्हणजे सरकारी पोर्टलने दिलेला इनव्हॉइसचा क्रमांक, घ्यावा लागतो. नेट नाही म्हणजे कागद नाही, आणि कागदाशिवाय गाडी गेटमधून सुटत नाही.

कारखान्यातलं आयटी सांभाळणारा मुलगा हुशार आहे. त्याने लॅपटॉप थेट ब्रॉडबँडच्या मॉडेमला लावून पाहिला होता आणि तिथं नेट झकास चालत होतं. म्हणजे बॅकअप लाइन जिवंत होती, फक्त राउटर तिच्याकडे वळत नव्हता. मी विचारलं, लीज लाइनच्या पोर्टचा दिवा कसा आहे? “हिरवा आहे मॅडम. दोन्ही हिरवे.” मग काय झालंय ते मला तिथल्या तिथं समजलं.

घरून काही करता येण्यासारखं नव्हतं. आम्ही राउटरवर लॉगिन करायचो ते मुख्य लाइनच्या स्थिर आयपीवरून, म्हणजे न बदलणाऱ्या इंटरनेट पत्त्यावरून, आणि तीच लाइन मेलेली. ब्रॉडबँड सीजीनॅटच्या मागे, म्हणजे अनेक ग्राहकांत वाटलेल्या पत्त्यामागे, त्याला बाहेरून गाठायला पत्ताच नाही. स्कूटर काढली. संध्याकाळी मोशी ते चाकण जाण्यात काय हाल होतात हे तिकडे नोकरी करणाऱ्यांना सांगायला नको.

राउटरला थेट जोडणारी कन्सोल केबल लावली आणि कॉन्फिग पाहिलं. पुस्तकात असतं तसंच. एक डिफॉल्ट स्टॅटिक रूट, म्हणजे बाहेर जाणाऱ्या सगळ्यासाठी हाताने लिहिलेली वाट, लीज लाइनच्या गेटवेकडे (कंपनीच्या बाजूच्या पहिल्या राउटरकडे). दुसरा डिफॉल्ट रूट ब्रॉडबँडच्या मॉडेमकडे, पण ओळीच्या शेवटी २०० हा आकडा. या आकड्याला ॲडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्स म्हणतात. जेवढा कमी, तेवढा त्या रूटवर राउटरचा विश्वास जास्त. सिस्को राउटरवर साध्या स्टॅटिक रूटचा हा आकडा १ असतो. त्यामुळे २०० वाला रूट वापरातल्या रूटच्या टेबलात दिसतही नाही. पहिला टेबलातून गेला तरच तो वर येतो. याला फ्लोटिंग स्टॅटिक रूट म्हणतात आणि कोणत्याही नेटवर्किंगच्या क्लासमध्ये तो शिकवतात.

पण पहिला रूट टेबलातून जातो कधी, हे तेवढ्याच काळजीने शिकवत नाहीत. तो जातो पोर्ट डाउन झाल्यावर. आणि लीज लाइनची फायबर राउटरमध्ये येतच नाही. ती येते मीडिया कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे फायबरचा सिग्नल तांब्याच्या केबलवर आणणाऱ्या डबीत, आणि तिथून एक हातभर तांब्याची पॅच कॉर्ड राउटरला जाते. बाहेर रस्त्यावर फायबरचे दोन तुकडे झाले तरी कन्व्हर्टर आणि राउटर यांच्यातली ती पॅच कॉर्ड शाबूत असते. काही कन्व्हर्टर फायबर मेली की तांब्याची बाजूही पाडतात, पण इथला तसा नव्हता. राउटरच्या दृष्टीने लाइन उत्तम होती. गेटवेचा मॅक पत्ता (हार्डवेअरचा पत्ता) त्याच्या एआरपी टेबलात, म्हणजे शेजारच्या यंत्रांच्या यादीत, पडून होता, आणि सिस्कोवर ती नोंद मुळात ४ तास टिकते. इंटरफेसचे काउंटर पुन्हा पुन्हा काढून पाहिले. बाहेर जाणाऱ्या पॅकेटांचा आकडा दर वेळी वाढलेला, आत येणाऱ्यांचा जिथल्या तिथं. अख्ख्या कारखान्याचा ट्रॅफिक तो राउटर इमानेइतबारे तुटलेल्या फायबरकडे पाठवत होता.

मुख्य पोर्ट हाताने शटडाउन केला. काही सेकंदांत २०० वाला रूट वर आला आणि राउटरवरून पिंग (समोरचा पत्ता उत्तर देतो का हे पाहणारी पॅकेटं) धडाधड जायला लागले. “आलं, आलं” म्हणत सगळे आपापल्या जागेवर पळाले. एकाही पीसीवर पान उघडेना.

नॅटचा, म्हणजे आतला खाजगी पत्ता बदलून बाहेरचा लावण्याचा, नियम फक्त लीज लाइनच्या इंटरफेसला बांधलेला होता. राउटर स्वतः पिंग करतो तेव्हा पॅकेटवर बाहेरच्या पोर्टचाच पत्ता असतो, त्यामुळे ते परत येतं. पीसीचं पॅकेट मात्र आतला खाजगी पत्ता घेऊन तसंच मॉडेमपर्यंत जातं, आणि त्या पत्त्याकडे परत यायची वाट मॉडेमला ठाऊक नसते. ब्रॉडबँडसाठी नॅटचा नियम टाकला, जुन्या नोंदी पुसल्या. तरीही पानं उघडेनात, कारण सगळ्या पीसींना डीएनएस सर्व्हर (साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारा) लीज लाइनवाल्या कंपनीचा दिलेला होता आणि तो फक्त स्वतःच्या ग्राहकांना उत्तर देतो. पीसींना हे पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपीमध्ये ८.८.८.८ हा गूगलचा सार्वजनिक डीएनएस टाकला, पीसी रीस्टार्ट करायला लावले, तेव्हा कुठे पोर्टल उघडलं.

ईआरपीमधून, म्हणजे कारखान्याच्या व्यवहारांच्या सॉफ्टवेअरमधून, थेट आयआरएन निघेना तो नाहीच. त्या जोडणीसाठी सरकारी यंत्रणेकडे लीज लाइनचाच आयपी नोंदवलेला होता. डिस्पॅचचे काका चष्मा पुसून बसले आणि एकेक इनव्हॉइस पोर्टलवर हाताने भरू लागले. वाचून दाखवायला अकाउंट्सच्या ताई शेजारी. शेवटची गाडी सुटली तेव्हा कँटीन बंद झालं होतं. मालाच्या वर्गीकरणाच्या एचएसएन कोडचा एक अंकही न चुकवता काकांनी ते काम केलं, पण त्या रात्रीच्या कुठल्याही रिपोर्टमध्ये त्यांचं नाव आलं नाही.

आता ती शीट. आधीच्या व्हेंडरच्या माणसाने काय केलं असणार हे मला स्पष्ट दिसतं. राउटरमधून लीज लाइनची केबल उपसली. पोर्ट डाउन, रूट बदलला. राउटरवरूनच पिंग मारला, उत्तर आलं. शीट भरली, सह्या घेतल्या, निघाला. त्याने आळस केला असं म्हणता येत नाही. मला राग येतो तो आमच्या धंद्यातल्या या सवयीचा. प्रत्यक्षात राउटरच्या मागची केबल कोणी उपसत नाही. लाइन तुटते रस्त्यावर, खांबावर, नाहीतर कंपनीच्या एक्स्चेंजमध्ये. जे कधी घडत नाही त्याची चाचणी सगळे घेतात, आणि जे दर पावसाळ्याआधी घडतं त्याची कोणीच घेत नाही. ग्राहकही विचारत नाही. त्याला शिक्का हवा असतो.

रविवारी कारखाना बंद असताना सगळं पुन्हा बांधलं. हे काम मी मन लावून केलं, म्हणून जरा सविस्तर सांगते. आयपी एसएलए ही राउटरमधली तपासणीची सोय लावून राउटरला दर ५ सेकंदांनी बाहेरच्या दोन पत्त्यांना पिंग करायला लावलं. फक्त कंपनीच्या गेटवेला पिंग करून भागत नाही, कारण गेटवेच्या पुढे तुटलं तर गेटवे आपला उत्तर देत राहतो. एकाच बाहेरच्या पत्त्यावर भरवसा ठेवला तर तो पत्ता बंद पडल्यावर चांगली लाइन सोडून द्यावी लागते. म्हणून दोन पत्ते, आणि दोन्ही गप्प झाले तरच लाइन मेली असं धरायचं. मुख्य डिफॉल्ट रूट या तपासणीच्या निकालाला, म्हणजे ट्रॅकला, बांधला. लाइन सोडायला १५ सेकंदांचा धीर, परत घ्यायला २ मिनिटांचा, कारण स्प्लाइसिंग, म्हणजे तुटलेल्या टोकांची जोडणी, चालू असताना फायबर येते-जाते आणि प्रत्येक येण्याजाण्याला राउटर नाचला तर कोणाचंच सेशन टिकत नाही.

यातली सगळ्यात नाजूक गोष्ट वेगळीच आहे. तपासणीचे पिंग लीज लाइनवरूनच गेले पाहिजेत. नाहीतर राउटर बॅकअपवर वळतो, पिंगही बॅकअपवरून जातात, उत्तर मिळतं, राउटर लाइन आली समजून परत मेलेल्या लाइनवर जातो, आणि हे रात्रभर चालतं. म्हणून त्या दोन पत्त्यांसाठी लीज लाइनच्या गेटवेकडे स्वतंत्र होस्ट रूट (एकेका पत्त्यापुरते) लिहिले. पण मग तेच पत्ते पीसींना डीएनएस म्हणून देता येत नाहीत, कारण लाइन गेली की ते त्या लाइनसोबतच जातात. पीसींकडे ८.८.८.८ होतं, म्हणून तपासणीला तो पत्ता मी घेतला नाही. नॅटचे नियम रूट-मॅपने दोन्ही इंटरफेसना वेगवेगळे बांधले, आणि ट्रॅक बदलताच जुन्या नोंदी पुसणारा छोटा प्रोग्राम, ईईएम ॲप्लेट, राउटरमध्ये टाकला.

चाचणी घेताना राउटरला हातही लावला नाही. त्या आयटीवाल्या मुलाला मीडिया कन्व्हर्टरमधली फायबर काढायला सांगितली आणि मी डिस्पॅचच्या पीसीवर बसले. पान अडकलं, आणि अर्ध्या मिनिटाच्या आत पुढे सरकलं. पोर्टचा दिवा तेव्हाही हिरवाच होता.

आयपी नोंदणीचं काम अकाउंट्सकडे आहे. त्यासाठी बॅकअपलाही स्थिर आयपी घ्यावा लागेल. दुसरी अडचण गेटवर आहे. लीज लाइन जमिनीखालून येते, ब्रॉडबँड खांबांवरून. म्हणूनच जेसीबीने एकच तोडली. पण गेटच्या खांबापासून सर्व्हर रूमपर्यंत दोन्ही एकाच पाइपातून जातात. मॅनेजरसाहेबांना मी तिथं नेऊन दाखवलं आणि मागच्या बाजूने सिमवर चालणारी तिसरी लाइन सुचवली. ते म्हणाले, “मॅडम, आता तिसरं बिल कशाला?” कोटेशन परचेसकडे पडून आहे. तोवर नव्या हँडओव्हर शीटवर ‘गेट ते सर्व्हर रूम दोन्ही लाइन एकाच पाइपात, बॅकअप लागू नाही’ अशी ओळ मी स्वतःच्या हाताने लिहिली आहे आणि तिच्याखाली त्यांची सही घेतली आहे.