कर्ज फिटलं, एनओसी आली, तरी वहिनीला फोन चालूच! माझा अनुभव

लोन ॲपवरून कर्ज घेतलं, फेडलं, तरी ज्यांचा पिच्छा सुटत नाहीये त्यांच्यासाठी लिहितेय. कर्ज कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याच्या एका ओळीच्या मेलने मला जो मनस्ताप दिला तो अजून डोक्यातून गेलेला नाही.

मुलाच्या लॅपटॉपसाठी कर्ज घेतलं होतं, हप्ते वेळेवर भरले, एनओसी (कर्ज फिटल्याचं पत्र) आली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. अर्जात रेफरन्स म्हणून वहिनीचा नंबर दिलेला. कर्ज बंद झाल्यावर तिला फोन सुरू झाले, तुमच्या नातेवाइकांना नवीन लोन मंजूर आहे, तुम्हालाही देतो म्हणे. वहिनीने मला विचारलं, "ताई, परत काही अडचण आहे का? आम्हाला आधी सांगायचं ना." ती काळजीनेच बोलली पण मला फार लागलं. मी कर्ज घेतलं, नाही घेतलं, ते कोणाला सांगायचं हे मी ठरवणार ना? कंपनी कोण लागून गेली?

ॲपमध्ये अकाउंट डिलीटचं बटण होतं ते दाबलं. ॲप बंद झालं, वहिनीला येणारे फोन मात्र चालूच. (हे बटण दाबायच्या आधी सगळ्या स्क्रीनचे स्क्रीनशॉट काढून ठेवा, लोन नंबर आणि कुठली कुठली परमिशन दिली ते दिसतं त्यात, नंतर लॉगिनच होत नाही.)

मग तक्रार अधिकाऱ्याला मेल केला. उत्तर आलं, "आरबीआयच्या नियमांनुसार ग्राहकाची माहिती डिलीट करता येत नाही." बस, एवढंच. परत सविस्तर लिहिलं, वहिनीचं सांगितलं, परत तेच वाक्य, एक शब्द इकडचा तिकडे नाही. कस्टमर केअरला फोन केला तर तिथला मुलगा म्हणे, "मॅडम, तो डेटा प्रोटेक्शनचा कायदा अजून लागूच झालेला नाही." एक म्हणतो नियम आहे म्हणून डिलीट करत नाही, दुसरा म्हणतो कायदाच नाही म्हणून करत नाही. राग राग झाला नुसता. आपण थकून सोडून देऊ याचीच वाट बघत असतात ही माणसं.

मग बसून वाचून काढलं. दोघंही अर्धं अर्धं खरं बोलत होते, म्हणूनच आपण गप्प बसतो. डेटा संरक्षणाचा कायदा ऑगस्ट २०२३ चा, त्याचे नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये, आणि कंपन्यांना मुख्य अटी पाळायला १८ महिने दिलेत, म्हणजे मे २०२७. हे बरोबर. केवायसीची कागदपत्रं खातं बंद झाल्यावरही ५ वर्षं ठेवावी लागतात, मनी लाँडरिंगच्या कायद्याने, हेही बरोबर. पण आरबीआयचे डिजिटल कर्जाचे नियम सप्टेंबर २०२२ पासून आहेत, मे २०२५ मध्ये ते एकत्र करून परत काढले, आणि त्यात स्वच्छ लिहिलंय की ग्राहकाला दिलेली संमती मागे घेता आली पाहिजे, माहिती तिसऱ्याला द्यायची नाही असं सांगता आलं पाहिजे, आणि ॲपला माहिती पुसायलाही लावता आलं पाहिजे. म्हणजे नव्या कायद्याची वाट बघायची गरजच नव्हती! हे कळलं तेव्हा इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

पुढच्या मेलमध्ये सगळी माहिती एकत्र न मागता दोन भाग केले. पॅन, केवायसी, कर्जखात्याचा हिशोब हे कायद्याने ठेवायचंय, ते ठेवा. वहिनीचा नंबर, माझं लोकेशन, जाहिरातीची संमती हे कुठल्या कायद्याने ठेवलंय ते कलमासकट सांगा, नाहीतर काढा, मी संमती आजपासून मागे घेतेय. आणि माझी माहिती कोणाकोणाला दिली त्यांची नावं द्या. तुम्हीही असेच दोन भाग करा, नाहीतर "केवायसी ठेवावी लागते" म्हणून सगळंच झाकतात.

एक महत्त्वाचं राहिलं. मेल ॲपवाल्याला नाही, प्रत्यक्ष कर्ज देणाऱ्या एनबीएफसीला (बँक नसलेल्या वित्त कंपनीला) करायचा. ॲप बहुतेक वेळा नुसता मध्यस्थ असतो, खऱ्या कंपनीचं नाव कर्जाच्या की फॅक्ट स्टेटमेंटवर (कर्जाच्या अटी थोडक्यात दिलेला कागद) असतं, आणि तक्रार अधिकाऱ्याचा पत्ताही तिथेच मिळतो. आरबीआयच्या तक्रार पोर्टलवरही तेच नाव शोधायचं, ॲपचं नाव टाकून मी किती वेळ शोधत होते, सापडेना.

दोन भागांच्या मेलला तर उत्तरच नाही. आधी कंपनीकडे लेखी तक्रार आणि उत्तर आलं नाही तर ३० दिवस वाट बघणं, त्याशिवाय आरबीआय तक्रार घेत नाही, आणि ते ३० दिवस वहिनीला फोन चालूच. मुदत संपल्या संपल्या पोर्टलवर सगळे मेल जोडून तक्रार टाकली. आरबीआयच्या १४४४८ या हेल्पलाइनवर मराठीत बोलता येतं, तिथल्या बाईंनी नीट समजावलं, त्यांचे आभार.

त्यानंतर कंपनीला एकदम जाग आली. मेल आला, रेफरन्सचा नंबर काढला, लोकेशन काढलं, जाहिरातीसाठी वापर बंद. वहिनीला त्यानंतर एकही फोन नाही. मी जिंकले, असं सरळ म्हणते. मला अधूनमधून १४० ने सुरू होणारे जाहिरातीचे कॉल येतात, ते १९०९ या नको असलेल्या कॉलच्या तक्रारीच्या नंबरवर कळवते, कॉल आल्यापासून ७ दिवसांत कळवायचं असतं. आणि नवीन कुठलंही लोन ॲप टाकताना कॉन्टॅक्ट किंवा गॅलरीची परमिशन मागितली तर तिथेच थांबा, आरबीआयने ते घ्यायला मनाई केलीय, केवायसीपुरता कॅमेरा, माइक, लोकेशन एकदाच, तेही तुम्हाला विचारून.

माहिती कोणाकोणाला दिली यावर मात्र त्यांनी "आमचे विश्वासू भागीदार" एवढंच लिहिलंय, एकाचंही नाव नाही. नव्या कायद्यात ती नावं मागायचा हक्क आहे, त्यामुळे मे २०२७ उजाडला की हाच मेल परत जाणार.