एरी सरोवराकाठी तीस गोळ्या

जुन्या लष्करी बंदुकांच्या स्पर्धेसाठी ओहायोतल्या कोलंबसहून पहाटे पाचला निघालो. डिकीत दोन लांब पेट्या, काडतुसांचा वेगळा डबा आणि जमिनीवर पालथं पडायची चटई. पेट्यांना कुलूप, बंदुका रिकाम्या. तरीही मेहुणा दर दहा मैलांनी स्पीडोमीटरकडे मान लांब करून बघत होता. "दाजी, हळू. ट्रंकमधलं सामान कोणत्या साम्राज्याचं हे पोलिसाला समजावत बसायला नको."

तेवीस नंबरच्या रस्त्याने उत्तरेला अप्पर सँडस्की, तिथून त्रेपन्नने टिफिन, फ्रीमाँट. दोन्ही बाजूंना मका आणि सोयाबीन, मध्येच एखादं धान्याचं कोठार. या रस्त्याबद्दल याहून जास्त लिहिण्यासारखं मला तरी काही सापडलं नाही. पोर्ट क्लिंटनच्या पश्चिमेला डेव्हिस-बेसी अणुवीज केंद्राचा कूलिंग टॉवर दिसायला लागला की कॅम्प पेरी आलंच समजायचं.

एरी सरोवराला लागून असलेला हा लष्करी तळ. अमेरिकेच्या राष्ट्रीय रायफल स्पर्धा १९०७ मध्ये पहिल्यांदा इथे भरल्या. जुन्या लष्करी बंदुकांच्या स्पर्धाही त्यातच होतात. फौजेने टाकून दिलेल्या, महायुद्धं बघितलेल्या बोल्ट-अ‍ॅक्शन (दर गोळीला हाताने बोल्ट, म्हणजे खिट्टी, मागेपुढे करायची अशा) रायफली घेऊन लोक लांबलांबून येतात. आमच्यासारखे काही कार्बाइनवाले असतात. कार्बाइन म्हणजे आखूड रायफल. घोडेस्वार, तोफखान्यावरचे, वायरी ओढणारे अशांना लांबलचक रायफल अडचणीची व्हायची, म्हणून त्यांना नळी छाटलेली द्यायचे. पण छाटताना काडतूस तेच ठेवलं. लांब नळीसाठी मोजलेली दारू आखूड नळीत पुरती जळत नाही, उरलेली तोंडाबाहेर जळते. मग भला मोठा जाळ, कान फाडणारा आवाज आणि खांद्याला लाथ. आम्हाला ती लाथच आवडते असं घरच्यांचं मत आहे. ते मी खोडून काढलेलं नाही.

माझी स्विस के-३१. नाव 'काराबिनर', पण नळी ६५२ मिलिमीटर. अमेरिकनांची १९०३ ची स्प्रिंगफील्ड ही पूर्ण रायफल म्हणवते आणि तिची नळी ६१० ची. नावावर जाऊ नये. मेहुण्याची रशियन मोसिन-नागां एम-४४, बाजूला मिटणारी संगीन कायमची जोडलेली. ती खरीखुरी छाटलेली.

व्हिसावर आलेल्या पाहुण्याला इथे सहसा बंदूक बाळगता येत नाही. ग्रीन कार्ड मिळेपर्यंत मी नुसता कडेला उभा राहून बघत असे. मग संग्राहकाचं लायसन्स काढलं: तीस डॉलर, तीन वर्षं. मूळ रूपातली, पन्नास वर्षं उलटून गेलेली बंदूक त्यावर परराज्यातून थेट घरी मागवता येते. घेतलेल्या-विकलेल्या प्रत्येक नगाची नोंद मात्र वहीत ठेवावी लागते. माझी के-३१ अशीच खोक्यातून आली. खोकं उघडल्यावर आधी निराशाच झाली. बीचच्या लाकडाचा दस्ता खालच्या टोकाला असा टवके उडालेला, की उंदरांनी कुरतडलाय म्हणावं. (संग्राहक उंदराऐवजी बीव्हरला दोष देतात.) पॉलिश पेपर घेऊन बसलोही होतो. तेवढ्यात कुणीतरी सांगितलेलं आठवलं, म्हणून दस्त्यामागच्या लोखंडी पट्टीचे दोन स्क्रू काढले. आत चौकोनी घडी केलेला पिवळट कागद. एका स्विस शिपायाचं नाव, त्याची तुकडी, गावाचा पत्ता. टाइप केलेलं, एक अक्षर ओळीच्या किंचित वर उडालेलं. कागद होता तसा परत ठेवला आणि पॉलिश पेपर दुसऱ्या कामाला लागला.

तळावर शिरल्यावर आधी विक्रेत्यांची रांग. मेहुण्याला इथून हलवणं म्हणजे लग्नातून बायकांना हलवण्यासारखं. जर्मन कार-९८-के, जपानी टाइप ३८ कार्बाइन. शरणागतीनंतर जिच्यावरचं बादशाही शेवंतीचं फूल कानशीने घासून काढलंय. एका टेबलावर चक्क आपल्या ईशापूरच्या कारखान्याची थ्री नॉट थ्री. कार्बाइन नाही, पण तिच्यावर हात फिरवल्याशिवाय पुढे जाववलं नाही. शेजारी ऑस्ट्रियन एम-९५. दस्ता तासून, वार्निश मारून आरशासारखा केलेला. अशा कारागिराला इथे 'बब्बा' म्हणतात आणि तो शब्द शिवीसारखाच उच्चारतात. मला त्या बंदुकीकडे बघवेना. माझ्या हातूनही तेच होणार होतं.

मी रेंगाळलो तो इटालियन कार्कानोपाशी. घोडदळाची कार्बाइन, खेळण्याएवढी. सहा काडतुसं पत्र्याच्या क्लिपसकट आत जातात आणि शेवटचं नळीत चढलं की रिकामी क्लिप खालच्या भोकातून टण्णकन जमिनीवर पडते. दुसऱ्या महायुद्धात याच कॅम्प पेरीत इटालियन आणि जर्मन युद्धकैदी ठेवले होते. पुढे अशा बंदुकांचे ढीग अमेरिकेत कवडीमोलाने आले. १९६३ मध्ये केनेडींवर जी झाडली तीही टपालाने मागवलेली कार्कानोच, दुर्बिणीसकट १९ डॉलर ९५ सेंटला. १९६८ च्या कायद्याने सामान्य गिऱ्हाइकासाठी ते टपालाचं दार लावलं. विक्रेता म्हणाला, लोक अजून हिला विचारतात ते त्या एका कारणासाठी. मी क्लिप पाडून बघितली आणि परत दिली.

स्पर्धेत निम्मा वेळ दुसऱ्यांची टारगेटं ओढण्यात जातो. दोनशे यार्डांवर मातीचा बांध, त्यामागे खंदक, त्यात आम्ही. गोळी डोक्यावरून जाते तेव्हा 'ठो' ऐकू येत नाही. आधी चाबूक कडाडल्यासारखा फटकारा. बंदुकीचा धीरगंभीर आवाज मागाहून, आपला संबंधच नाही असा येतो. टारगेट खाली ओढायचं, गोळी कुठे लागली ते लांबून दिसावं म्हणून भोकात चकती खोचायची, आधीच्या भोकावर कागद डकवायचा, वर ढकलायचं. तासाभराने मी फटकाऱ्यावरून अंदाज बांधायला लागलो. ते सगळे चुकले.

मग आमची पाळी. बांधापलीकडे निळंशार सरोवर. नेमाला झोपलो, श्वास लावला आणि लाउडस्पीकरवर आज्ञा: फायर थांबवा. मनाई असलेल्या पाण्यात कुणाची तरी होडी शिरली होती. साऱ्या रांगेने बोल्ट उघडले, बंदूक रिकामी असल्याची खूण म्हणून नळीत पिवळ्या पट्ट्या खोचल्या आणि आम्ही पालथ्याचे उठून बसलो. त्या गृहस्थाला मासे लागत असावेत. घाई मुळीच दिसत नव्हती.

के-३१ चा बोल्ट वळवायचा नसतो. मूठ सरळ मागे, सरळ पुढे, ड्रॉवर उघडून लावावा तसं. पडून, सावकाशीच्या दहा गोळ्यांत ९१ गुण आले आणि मी मनातल्या मनात बर्नला पोचलो. पुढच्या दहा घड्याळ लावून. पहिल्या पाच छान. दुसरा चार्जर लावला, म्हणजे काडतुसं एकदम आत ढकलायची पट्टी, पत्र्याची कड असलेल्या पुठ्ठ्याची, आणि अंगठ्याने दाबताना जरा तिरका बसला. काडतुसं अर्ध्यात अडकली. उपटून परत लावेपर्यंत वेळ संपली; दोन गोळ्या हातातच राहिल्या. ६७. उभ्याने ६२. एकूण तीनशेपैकी २२०.

मेहुण्याची कथा निराळी. एम-४४ चा नेम कारखान्यात संगीन उघडी ठेवून जुळवलेला असतो. टोकाला ते पातं असलं-नसलं की नळीची थरथर बदलते आणि गोळी दुसरीकडे जाते. शेजाऱ्याच्या दंडाचा विचार करून त्याने संगीन मिटलेली ठेवली, नेम मात्र घरी उघड्या संगिनीवर बसवून आणलेला. त्याच्या पहिल्या गोळीला शेजारचे दोघं एकदम वळून बघायला लागले. एवढा जाळ! टारगेटवर चकती आली ती पार कडेला.

"दाजी, हवा सुटलीय का?"

हवा अजिबात नव्हती.

संध्याकाळी पोर्ट क्लिंटनच्या मोटेलात खरं काम. त्याने झाडलेली काडतुसं जुनी सोव्हिएत. त्यांच्या बुडाच्या, ठिणगी पाडणाऱ्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असतं. जळल्यावर नळीत क्षार उरतो आणि तो हवेतली ओल ओढतो. तेलात तो विरघळत नाही. पहिल्या वर्षी मला हे माहीत नव्हतं. एका मोसिनला तेल चोळून कौतुकाने कपाटात ठेवली आणि आठवड्याने बघतो तर नळी आतून हळदकुंकू वाहिल्यासारखी. तिच्या चरी आजही खडबडीत आहेत. क्षाराला पाणीच लागतं, शक्यतो कडकडीत; नळी तापली की मागाहून पटकन वाळतेही.

कॉफीच्या यंत्रात नुसतंच पाणी तापवलं. मेहुण्याने बोल्ट काढलेली एम-४४ बाथटबमध्ये उभी धरली, मी मागच्या बाजूने नरसाळ्यातून ओतलं. पहिला कप खाली राखाडी उतरला, अंडं नासल्यासारखा वास. दुसरा मळकट. तिसऱ्याला नळी हातात धरवेना इतकी तापली, आणि त्याने शेजारचा पांढराशुभ्र टॉवेल ओढून तिच्याभोवती गुंडाळला.

"अरे, तो नको!"

"दाजी, भाजतंय! ओता तुम्ही."

चौथा कप स्वच्छ उतरला. सकाळी निघताना त्या टॉवेलची काळी बाजू आत घडी केली आणि वर पाच डॉलर ठेवले.